पावसाळा धरून कर्ज: कोकणातल्या लहान धंद्याला हात देताना

थकलेल्या कर्जाचं एखादं पासबुक हातात घ्या आणि पहिला चुकलेला हप्ता शोधा. बहुधा तो जुलै-ऑगस्टचा निघेल. तेव्हा किनाऱ्यावर पर्यटक नसतो, आंबा-काजू आटोपलेला असतो, यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत शाकारून ठेवलेल्या असतात. आणि घरात शाळेचा खर्च, लावणीची मजुरी, पाठोपाठ गणपती. बँकेचा हप्ता मात्र एप्रिलमध्ये जेवढा, तेवढाच जुलैमध्ये. बऱ्याचदा माणूस बुडवा नसतो, हप्ताच चुकीच्या महिन्यात मागितलेला असतो.

ग्रामसंघाची (गावातल्या बचत गटांच्या संघाची) सीआरपी म्हणजे गटांना मदत करणारी कार्यकर्ती, पतसंस्थेचे संचालक, ग्रामपंचायत सदस्य किंवा गावासाठी काही करू पाहणारं मुंबईचं मंडळ, यांच्यापैकी कुणी एखाद्या घरगुती उद्योगाला कर्ज मिळवून द्यायला आणि पुढे ते सांभाळायला निघालं असेल, तर कामाचा क्रम काय ठेवावा ते पुढे दिलं आहे.

आधी घराचा बारा महिन्यांचा कागद

योजनेचा फॉर्म नंतर. आधी एक फुलस्केप कागद घ्या, आडवा धरा आणि बारा रकाने आखा. पहिला रकाना जूनचा ठेवा, जानेवारीचा नको. जूनपासून सुरुवात केली की पावसाळ्याचा खड्डा डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो.

वरच्या भागात घरात येणारा पैसा लिहा: काजू बी, आंबा, सुपारी, मजुरी, पेन्शन, मुंबईहून मुलगा पाठवतो ते. खाली जाणारा: दुकानाची उधारी, फी, औषधं, गणपती, शिमगा, लग्नकार्य. सगळ्यात खाली आधीचे हप्ते: बचत गट, मायक्रोफायनान्स, सोनेतारण, मोबाइल.

“महिन्याला किती सुटतात?” हा प्रश्न विचारू नका. समोरचा माणूस अंदाजाने एक सरासरी आकडा सांगतो आणि तो कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही. हंगामाने विचारा. गेल्या मे महिन्यात काजू बी किती किलो घातली, काय भावाने? दिवाळीच्या सुट्टीत खोल्या किती रात्री भरल्या? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: गेल्या गणपतीला उसने किती घेतले, आणि ते फिटले कधी? उत्तर ‘मार्चमध्ये’ असेल तर त्या घराची पैशाची चणचण सात महिने चालते हे तुम्हाला कळलं. नवीन कर्ज त्यात बसवायचं आहे.

चालू कर्जांबद्दल नवरा-बायकोशी वेगवेगळं बोला. एकाचं दुसऱ्याला माहीत नसणं ही नेहमीची गोष्ट आहे. खात्री करायची तर प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून (सिबिलसारख्या) वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मायक्रोफायनान्स निर्देशांनुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तुमच्या कागदावर ते आधीच निम्म्यावर गेलेले दिसले, तर तिथे नवीन कर्जाचं बोलणं थांबवा. एक जुनं खातं बंद होईपर्यंत त्या घराला गिऱ्हाईक मिळवून देणं हीच मदत.

मशीन हवं की माल?

कर्ज मागायला आलेला जवळपास प्रत्येक जण मशीन मागतो. मशीन डोळ्यांना दिसतं, त्याचं कोटेशन मिळतं, अनुदानही त्यावर असतं. धंदा मात्र बहुतेक वेळा मालाच्या पैशावाचून अडतो.

काजूचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. काजू बी मार्च ते मे या काळात येते आणि प्रक्रिया करायची असते वर्षभर. म्हणजे दहा महिन्यांचा कच्चा माल दोन-अडीच महिन्यांत विकत घ्यावा लागतो. दिवसाला ४० किलो बी फोडणारं युनिट धरा. महिन्याचे २५ दिवस आणि वर्षाचे १० महिने काम, म्हणजे १० टन बी. हिशेबापुरता भाव १२० रुपये किलो धरला तर १२ लाख रुपये मे अखेरपर्यंत खर्च झालेले हवेत. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर धरला तर २,५०० किलो गर मिळेल. अख्खा, पाकळी आणि तुकडा मिळून सरासरी ७०० रुपये धरले तर वर्षाची विक्री साडेसतरा लाख.

आता बँकेचा ठोकताळा बघा. लहान उद्योगाला खेळतं भांडवल देताना अपेक्षित विक्रीच्या २० टक्के, असा हिशेब शाखेत चालतो. इथे ते साडेतीन लाख होतात. गरज १२ लाखांची. उरलेले साडेआठ लाख कुठून यायचे याचं उत्तर प्रकल्प अहवालात सहसा नसतं. मग जुलैमध्ये माल संपतो, व्यापाऱ्याकडून चढ्या भावाची बी घ्यावी लागते, किंवा युनिट बंद राहतं आणि मशीनचा हप्ता चालू राहतो.

यातून वाट काढायचे तीन मार्ग आहेत. पहिला, शाखाधिकाऱ्याला सांगायचं की हा २० टक्क्यांचा आकडा किमान आहे. तो साधारण तीन महिन्यांचं चक्र धरून केलेला आहे आणि चक्र लांब असेल तर बँक जास्त मर्यादा मंजूर करू शकते. नुसतं सांगून भागत नाही. महिनावार रोख अंदाजपत्रक जोडा, त्यात मार्च-मेची मर्यादा वेगळी आणि पुढच्या महिन्यांची उतरती दाखवा. दुसरा मार्ग शेतमाल तारणाचा. बाजार समितीमार्फत चालणाऱ्या पणन मंडळाच्या तारण योजनेत काजू बी आणि सुपारीही आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज आणि सहा महिन्यांची मुदत. काजू बीला किलोमागे वरची मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. योजना फक्त शेतकऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्याला मिळत नाही. म्हणून बी उद्योजकाच्या स्वतःच्या सातबारावरची हवी.

तिसरा मार्ग सगळ्यात कमी जोखमीचा आणि म्हणूनच सगळ्यात कमी सांगितला जाणारा: युनिट लहान करा. पहिल्या वर्षी तीनच टन बी घ्या, पैसा लागेल ३ लाख ६० हजार. उरलेला वेळ मशीन दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून देऊ द्या. वाडीतल्या प्रत्येक घरात दोन-चार पोती बी असते आणि गणपतीला मुंबईकरांना द्यायला गर हवा असतो. त्यात मालाचा पैसा अडकत नाही.

बी साठवताना दोन-तीन कडक उन्हं द्यायला लावा. हातात हलवल्यावर खुळखुळ वाजली पाहिजे. पोती भिंतीला चिकटवू नयेत, जमिनीवर लाकडी फळ्या टाकून त्यावर रचावीत. कोकणातल्या जुलैच्या हवेत ओलसर बीला बुरशी धरते, गर पिवळा पडतो आणि प्रत उतरते. तारण ठेवलेल्या मालाचं हे झालं की कर्जाचं गणितच मोडतं.

बाकीच्या धंद्यांचं थोडक्यात. कोकमात पैसा एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागतो आणि सुटतो पुढे वर्षभर. वळीव आधी आला तर अंगणातली सोलं जातात, त्यामुळे झाकता येणाऱ्या वाळवणीचा खर्च पहिल्या कर्जातच धरा. सुक्या मासळीचं चक्र उलटं. माल हिवाळा-उन्हाळ्यात भरायचा आणि पावसाआधीच्या बेगमीपासून पुढे विकायचा, म्हणजे जुलैचा हप्ता भरू शकणारी ही मोजकी घरं. श्रावणात मात्र गिऱ्हाईक रोडावतं, तो महिना रिकामा धरा. होमस्टेमध्ये कमाई दिवाळी, नाताळ आणि मेमध्ये. तिथे खोलीच्या रंगरंगोटीपेक्षा आधी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते का ते तपासा, नाहीतर बांधकाम अर्ध्यावर असताना कर्जाचा दुसरा टप्पा अडतो.

कुठल्या दारात जायचं

लाखभराच्या आतली गरज आणि बाई बचत गटात असेल तर बाहेर जाऊच नका. गटाला सहा महिने झाले आणि पंचसूत्री नीट पाळली जात असेल (बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब), तर बँकेचं पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते मिळू शकतं. दुसऱ्या वेळी आठपट किंवा ३ लाख. अडचण पुढे असते. दीड लाख आले की दहा जणी पंधरा-पंधरा हजार समान वाटून घेतात. जिला धंदा करायचा आहे तिला ते पुरत नाहीत, आणि जिला नको होते ती घरखर्चात संपवते. वाटप समान नव्हे, सूक्ष्म पतआराखड्याप्रमाणे (कुणाला कशासाठी किती हवेत ते गटाने लिहिलेल्या आराखड्याप्रमाणे) व्हायला हवं. हे पैसे येण्याआधी बैठकीत ठरवून ठरावात लिहून घ्या. पैसे खात्यात पडल्यावर हा विषय काढलात तर भांडण ठरलेलं.

एकट्याने धंदा करणाऱ्याला मुद्रा. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही. मुद्राला अनुदानही नाही, आणि हे गावात दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

अनुदान हवं तर खाद्यप्रक्रियेसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना बघा. कृषी विभागाकडून चालते, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. चालू युनिट वाढवायलाही मिळते. यंदा अर्ज घेतले जातायत का ते तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा. गटातल्या बायकांना याच योजनेत माणशी ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आहे, ते अवजारं आणि खेळत्या भांडवलासाठी. अहवाल बनवायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते. तिचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने तिला काही द्यायचं नसतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला मिळतं. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, मागासवर्गीय आणि इतर विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळतं. उत्पादनाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. मंजुरीआधीच मशीन आणून काम सुरू केलं तर ‘नवं युनिट’ राहत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. उत्साही माणसांचं हे हमखास होतं.

दोन्ही योजनांत अनुदान हातात येत नाही. ते बँकेत वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं धंदा चालू व खातं नियमित असेल तर कर्जात वळतं होतं. म्हणजे ५ लाखांचा प्रकल्प ३५ टक्के अनुदानावर ‘सव्वातीन लाखांत’ होत नाही. सुरुवातीला पूर्ण पैसा उभा करायचा असतो आणि तीन वर्षं धंदा टिकवायचा असतो. अनुदानातले टक्के मागणारा दलाल दारात आला तर ही एवढी माहिती त्याला वाटेला लावायला पुरते.

मासेमारी करणाऱ्यांनी मत्स्यव्यवसायाच्या किसान क्रेडिट कार्डाबद्दल आधी विचारावं, व्याज तिथेच सगळ्यात हलकं पडतं. प्रशिक्षणासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. बहुतेक जिल्ह्यांत अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी बँक, ती चालवते (रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया). राहणं, जेवण, शिकवणं फुकट. तिचं प्रमाणपत्र फाइलला जोडलं की शाखेत बोलणं सोपं जातं.

व्याजदर ऐकताना एकच शब्द विचारा: ‘घटत्या शिलकेवर की सरसकट?’ १ लाख रुपये २४ महिन्यांसाठी १२ टक्क्यांनी घेतले, तर घटत्या शिलकेवर हप्ता सुमारे ४,७०७ रुपये बसतो आणि एकूण व्याज १३ हजारांच्या आत राहतं. सरसकट १२ टक्के म्हणजे २४ हजार व्याज आणि ५,१६७ चा हप्ता. घटत्या शिलकेच्या भाषेत तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. कागदावर दोन्हीकडे ‘१२ टक्के’च लिहिलेलं असतं.

फाइल अडते ती इथे

कागदांची यादी बँक देईलच. आधार, पॅन, सहा महिन्यांचा खातेउतारा, उद्यम नोंदणी (फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका), ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, वीजबिल, जीएसटी क्रमांक असलेलं कोटेशन, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणी. वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते, शुल्क वर्षाला १०० रुपये. हे सगळं एका आठवड्यात जमतं. फाइल दुसऱ्याच गोष्टींवर अडते.

पहिली गोष्ट नाव. आधारवर सासरचं, दाखल्यावर माहेरचं, पासबुकात नवऱ्याचं नाव नसलेलं. बँकेच्या संगणकाला या तीन वेगळ्या बाया वाटतात. अर्ज करायच्या महिनाभर आधी आधार, पॅन आणि बँक खातं यांवर एकच नाव करून घ्या. त्याच वेळी आधारला जोडलेला मोबाइल कुणाकडे आहे ते बघा. तो मुंबईतल्या मुलाकडे असेल तर ओटीपी विरारच्या लोकलमध्ये येणार आणि तुम्ही सेवा केंद्रात बसून राहणार.

दुसरी गोष्ट जागा. कोकणातला सातबारा म्हणजे पंधरा-वीस सामाईक नावं, त्यातली चार हयात नसलेली, वारस लागलेले नाहीत, कुठे कुळाची नोंद. अशी जमीन तारण देता येत नाही आणि देऊही नका. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला (१ एप्रिल २०२६ आधी मंजूर झालेलं असेल तर १० लाखांपर्यंतच्या) बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मशीन आणि माल नजरगहाण राहतो (ताबा कर्जदाराकडे, हक्क बँकेचा), तेवढं पुरतं. तरी पडवीत किंवा परसात युनिट टाकायचं तर सहहिस्सेदारांची संमती लागते. “गणपतीक इलंय काय सही करतंय,” असं फोनवर सगळेच सांगतात. मग ते गणपतीतच उरकायचं. संमतीपत्राचा मसुदा श्रावणात तयार ठेवा, प्रत्येकाच्या आधारची प्रत आधीच मागवा, आणि नोटरीची वेळ गौरी जेवणाच्या दुसऱ्या दिवशीची घ्या. विसर्जनानंतर अर्धी माणसं परतीच्या गाडीत असतात. तो मुहूर्त हुकला तर पुढचा शिमग्याला.

तिसरी गोष्ट वीज. पल्पर (फळाचा गर काढायचं मशीन), मोठा ग्राइंडर किंवा ड्रायरला थ्री फेज लागतो. घरातल्या सिंगल फेजवर चालेल असं विक्रेता सांगतो. कोटेशनवर मशीनची एचपी आणि फेज लिहून घ्या आणि महावितरणकडे मागणी अर्ज कर्जाच्या अर्जाबरोबरच टाका. मशीन दारात आणि जोडणी नाही, अशा स्थितीत पहिले हप्ते सुरू झाले तर सुरुवातच थकबाकीने होते.

अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह. तोंडी ‘होणार नाही’ स्वीकारू नका, नकाराचं कारण लेखी मागा. आधी शाखेत, मग बँकेच्या तक्रार विभागात लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र आधी शाखाधिकाऱ्याला एकदा युनिट किंवा हाताने केलेला माल दाखवून बघा. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या माणसाला आगळ (कोकमाचा मिठातला रस) आणि सरबतातला फरक माहीत नसतो, आणि न समजलेल्या धंद्याला तो कर्ज देत नाही.

हप्ता बसवणं

आता तो बारा रकान्यांचा कागद परत काढा. समजा २ लाखांचं कर्ज, ११ टक्के, ३६ महिने. सरळ हप्ता ६,५४८ रुपये. जुलैच्या रकान्यात घरात उरतात तीन हजार. हे चालणार नाही, आणि मंजुरीच्या दिवशी ते सगळ्यांना दिसतंय.

त्याऐवजी मागा असं: जून ते नोव्हेंबर फक्त व्याज, पहिल्या वर्षी महिन्याला जास्तीत जास्त १,८३३ रुपये. डिसेंबर ते मे दरमहा सुमारे ११ हजार मुद्दल आणि त्या महिन्याचं व्याज. तीन वर्षांत कर्ज तेवढंच फिटतं. व्याज थोडं इकडेतिकडे होतं, पण खातं ९० दिवस थकून एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होत नाही. हे अर्जात लिहून मागावं लागतं. मंजुरीपत्र छापून आल्यावर बदल करून घेणं फार जड जातं. शाखा ऐकतच नसेल तर निदान कर्ज फेब्रुवारीत उचला आणि हप्ते न भरण्याची सहा महिन्यांची सवलत मागा, म्हणजे ती मेमध्येच न संपता पावसाच्या सुरुवातीच्या महिन्यांत कामी येईल. सवलतीतलं व्याज चढत राहतं, हे कर्जदाराला स्पष्ट सांगा. आणि मेमध्ये आलेल्या पैशातून पावसाळ्याचे तीन हप्ते वेगळ्या बचत खात्यात टाकायला लावा. कोकणात पैसा मेमध्ये येतो आणि जूनच्या लग्नांत जातो.

पैसे आल्यावर पहिले ९० दिवस

मार्गदर्शन म्हणजे भाषण नव्हे, ठरलेल्या दिवशी जाऊन बघणं. सातव्या दिवशी: मशीन आलं का, कोटेशनमधलंच मॉडेल आहे का, चालवून बघितलं का. तिसाव्या दिवशी: वही. तीन रकाने पुरतात: आले, गेले, येणे. धंद्याचा क्यूआर कोड घरच्या खात्याहून वेगळा हवा, नाहीतर गॅस सिलिंडर आणि बाटल्यांचा खर्च एकाच ओळीत येतो. साठाव्या दिवशी: उधारी. ‘येणे’चा रकाना महिन्याच्या विक्रीच्या निम्म्यावर गेला असेल तर नवीन माल देणं थांबवून वसुलीला निघायचं. नव्वदाव्या दिवशी: भाव.

भावावर जास्त वेळ द्या, कारण इथे बहुतेक घरगुती उद्योग नकळत तोट्यात असतात. २५० ग्रॅम आमसुलाची पिशवी धरा. रातांबे आणि मीठ ४२ रुपये, पिशवी-लेबल ७, वीज-वाहतूक-घट ६. बाई सांगते, ‘५५ ला पडतं, दुकानात ७५ ला जातं, वीस सुटतात.’ त्यात तिच्या स्वतःच्या कामाचे १५ रुपये नाहीत. ते धरले की सुटतात पाच. छापील किंमत १०० असताना दुकानदाराचे २५ टक्के गेल्यावर हातात ७५ येतात. मग प्रदर्शनात कुणी घासाघीस केली आणि १० टक्के सोडले तर थेट विक्रीत चालतं, पण तीच सूट दुकानदाराला दिली तर ६५ मिळतात आणि प्रत्येक पिशवीमागे पाच रुपये पदरचे जातात. स्वतःची मजुरी वहीत रोज लिहायला लावा, जरी ती उचलली नाही तरी. ‘माझं काय, घरचंच काम’ हे वाक्य ऐकलं की समजा, भाव चुकलाय.

वादळ, पूर आणि चुकलेला हप्ता

३ जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते, २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर. विमा हा इथे शोभेचा कागद नाही. बँक कर्जाबरोबर विमा काढतेच, पण पॉलिसी शाखेतल्या फाइलमध्ये असते आणि कर्जदाराने ती पाहिलेली नसते. प्रत मागून चार गोष्टी वाचा: वादळ-पूर धरलाय की फक्त आग, मशीनबरोबर माल धरलाय का, मालाची रक्कम मे महिन्यातल्या भरलेल्या गोदामाइतकी आहे का, आणि माल ठेवलेल्या जागेचा पत्ता बरोबर आहे का. माल शेजारच्या घराच्या माळ्यावर आणि पॉलिसीवर पत्ता स्वतःच्या घराचा, असं असेल तर दावा अडकतो. दर महिन्याला साठ्याचा एक फोटो मुंबईतल्या कुणाला तरी पाठवून ठेवा. पुरात वही वाहून गेली तरी तो राहतो.

हप्ता चुकणार हे दिसलं की चुकायच्या आधी शाखेत अर्ज द्या. दोन ओळी पुरतात: कारण काय, आणि कुठल्या महिन्यापासून किती भरणार. ९० दिवसांच्या आत हप्त्यांची फेरआखणी होऊ शकते, नंतर सगळंच अवघड. वसुलीवाल्यांना टाळण्यासाठी फोन बंद ठेवणं आणि हप्ता भरायला दुसऱ्या मायक्रोफायनान्सकडून उचल घेणं, या दोन गोष्टी कर्जदाराने करू नयेत म्हणून तुम्ही मध्ये आहात.

मंडळाने स्वतः पैसे फिरवावेत का?

मुंबईच्या मंडळाकडे दोन-तीन लाख शिल्लक असतात आणि ‘आपणच थोड्या व्याजाने देऊ’ असा विषय सभेत निघतो. एखाद्या व्यक्तीने किंवा नोंदणी नसलेल्या मंडळाने परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं ही महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे बेकायदा सावकारी ठरू शकते. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी असेल तरी घटनेत हा उद्देश आहे का ते आधी वाचून घ्या. शिवाय भावकीतली वसुली मंडळाच्या माणसाला झेपत नाही. पुढच्या गणपतीत तो त्याच्याच घरी आरतीला जाणार असतो.

त्या पैशाचा जास्त चांगला उपयोग आगाऊ मागणीत आहे. फेब्रुवारीत मंडळाने सभासदांकडून आगळ, आमसूल, काजूगर, फणसपोळी यांची नोंदणी घ्यायची आणि ४० टक्के रक्कम उद्योजकाच्या धंद्याच्या खात्यात टाकायची. शंभर घरांनी सरासरी हजाराची मागणी नोंदवली तर ४० हजार बिनव्याजी खेळतं भांडवल नेमक्या खरेदीच्या महिन्यात उभं राहतं. प्रत आणि वजन आधी ठरवा, नमुन्याची एक सीलबंद पिशवी मंडळाकडे ठेवा, बाकीचे पैसे माल हातात आल्यावर त्याच दिवशी द्या. आणि माल उचलायची शेवटची तारीख २५ मे ठेवा. त्यानंतर गाडीच्या टपावरची पुठ्ठ्याची खोकी कशेडी घाटात भिजतात.